रस्ता ओलांडायचा कुठून?

मैत्रिणींनो, खरं सांगा, सकाळी पेपर आला की तुम्ही आधी काय उचलता? तुम्ही हे वाचताय, म्हणजे पुरवणी तुमच्या हातात आहे आणि मुख्य अंक घरातल्या 'मंडळीं'कडे गेलाय. त्यांचं पहिलं पान आणि क्रिकेटचं पान वाचून झालं की तो टीपॉयवर पडतो. चार दिवसांनी कपाटाच्या फळीवर अंथरला जातो, नाहीतर त्यावर कोथिंबीर निवडली जाते. त्याच अंकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत कधीतरी एक जाहीर सूचना छापलेली असते. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की...' एवढं वाचलं की आपण पान उलटतो. पण त्या सूचनेत आपल्या गावाचं नाव असतं, गट नंबरांची लांबलचक रांग असते आणि महामार्गाच्या रुंदीकरणावर हरकत घ्यायची मुदत असते!

मी काही तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेली नाही. माझीही सूचना अशीच फळीवर अंथरली गेली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी आमच्या भागात एक बैठक झाली. ती आहे हे मला कळलं ते दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून. 'तू लिवतंस मगे पेपरात, चल माझ्यावांगडा,' म्हणाल्या, म्हणून गेले. वार कामाचा, वेळ सकाळी अकराची. म्हणजे भात शिजायला टाकायची वेळ! हॉलमध्ये दोनेकशे माणसं असतील. बायका आम्ही मोजून नऊ. त्यातल्या तिघी अंगणवाडीच्या, संख्या दिसावी म्हणून बोलावलेल्या. आम्हाला पंख्याखालच्या खुर्च्या दिल्या, तेवढा मान मात्र मिळाला.

तीन तास बोलणं झालं ते सगळं दराचं. गुंठ्याला किती, माडाला किती, हापूसच्या कलमाला किती, दुकानाच्या गाळ्याला किती. त्यात चूक काहीच नाही, पोटाचा प्रश्न आहे तो. नकाशा पुढच्या टेबलावर पसरलेला होता आणि त्याच्याभोवती पुरुषांचं असं कडं होतं की आम्हाला फक्त पाठी दिसत होत्या. सभा उठायच्या बेतात असताना आमच्या मावशी उभ्या राहिल्या. 'माजा घर ह्या बाजूक, बाव त्या बाजूक. आता मी वलांडू खंयसून?' थोडा हशा झाला. टेबलामागच्या एकाने नकाशात बोट फिरवून एक साखळी क्रमांक सांगितला, तिथे भुयारी मार्ग दाखवलाय म्हणाला. तो क्रमांक म्हणजे गावातलं नेमकं कुठलं ठिकाण, हे मावशींना कळलं नाही. मलाही नाही. 'पुढचा प्रश्न' असं कुणीतरी म्हणालं आणि मावशी खाली बसल्या.

रस्ता झाल्यावर कळलं. तो भुयारी मार्ग मावशींच्या घरापासून दीड किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन तीन. डोक्यावर हंडा घेऊन! साहजिकच तिथून कुणी जात नाही. गावाच्या समोर दुभाजकाचा एक तुकडा कुणीतरी फोडून वाट केलेली आहे. ती बुजवतात, पुन्हा फुटते. तिथूनच बायका पाण्याला जातात, पोरं शाळेत जातात. एका शाळकरी मुलाला तिथेच गाडीने उडवलं. जीव वाचला, पण पायाने अधू झाला. त्याच्या आईला सगळे विचारत होते, 'अगं, मुलाला दुभाजकावरून कशाला पाठवलंस?' ती काय उत्तर देणार?

हे एका गावाचं दुखणं नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. त्यातली जवळजवळ ३३ हजार माणसं पायी चालणारी होती. गाडीत बसलेली नव्हे, पायी चालणारी. आणि एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त राष्ट्रीय महामार्गांवरचे होते. महामार्ग ही देशातल्या एकूण रस्त्यांची किती छोटी फांदी आहे, ते लक्षात घेतलं की हा आकडा टोचायला लागतो.

आता कुणी म्हणेल, बाईंना रस्ता नकोय. अहो, नको कसा असेल? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणात कोण विसरलंय? महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल उभा राहिला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला होता. दर गणपतीला चाकरमानी घरी पोचेपर्यंत आयांचा जीव टांगणीला लागतो. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हा पोटात असलेली मुलं आज मिशा फुटायच्या वयाची झाली! रस्ता चांगला हवाच, आणि लवकर हवा. प्रश्न एवढाच आहे की तो कागदावर असतानाच, म्हणजे बदल करायला खडू-पेन्सिल पुरते तेव्हा, आपल्याला दाखवला का जात नाही?

कारण एक गोष्ट मी पक्की सांगते. गाडीतून जाणाऱ्याला रस्ता लांबीत दिसतो. बाईला तो आडवा दिसतो. पुरुष मुंबईकडे नाहीतर तालुक्याला जातो. बाई मात्र रस्त्याच्या ह्या बाजूच्या घरातून त्या बाजूच्या विहिरीवर, रेशन दुकानात, अंगणवाडीत, गोठ्यावर, बागेत, माहेरच्या वाडीत जाते. दिवसातून चार वेळा, सहा वेळा. पाखाडी कुठे उतरते, सकाळी साडेसहाच्या एसटीला पोरी कुठे उभ्या राहतात, तिथे दिवा आहे का, संध्याकाळी कुठल्या वळणावर टारगट बसलेले असतात, हे तिला तोंडपाठ असतं. पावसात पऱ्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हेही तिलाच माहीत, कारण पाणी घरात शिरलं की चुलीपुढचा चिखल तीच काढते. रस्त्यासाठी मोठा भराव घातला आणि मोरी लहान ठेवली की पाणी वाडीत तुंबणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ज्या बाईने वीस पावसाळे त्या अंगणात काढलेत तिला विचारा!

शिवाय रस्त्याकडेच्या झाडांचं काय? मोजणीच्या कागदावर झाडाला नुसता आकडा असतो. त्यातला वड कुठला, ज्याला गावच्या बायका वटपौर्णिमेला सूत गुंडाळतात, ते त्यात लिहिलेलं नसतं. जुन्या महामार्गाच्या कडेचे मोठमोठे वृक्ष रुंदीकरणात गेले, ते या रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलेत. तसंच त्या जांभळं, करवंदं, कोकमं विकणाऱ्या बायकांचं. त्यांच्याकडे गाळा नाही, सात-बारा नाही, एक टोपली आणि सावली एवढंच. मोबदल्याच्या कुठल्या रकान्यात बसवणार त्यांना?

सर्वेक्षणाला आलेली माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण ती गावात आली की थांबतात कुठे? नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथे बसलेल्या चार जणांशी बोलतात, कागदावर सह्या घेतात आणि 'ग्रामस्थांशी चर्चा झाली' असं लिहून जातात. त्या वेळी टपरीवर आपण असतो का? घरी दारात कुणी आलाच, तर आपणच सांगतो, 'हे घरात नाहीयेत, संध्याकाळी या.' मीही सांगितलंय!

बरं, कायद्यात आपल्याला जागाच नाही असंही नाही. थोडं किचकट आहे, पण वाचा. १४ सप्टेंबर २००६ ला केंद्राने पर्यावरण परिणामांबद्दलची अधिसूचना काढली. मोठ्या महामार्गाला ती लागू झाली की जनसुनावणी घ्यावी लागते. ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात. किमान तीस दिवस आधी सूचना छापावी लागते, त्यातली एक स्थानिक भाषेतल्या पेपरात. अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास व्हायला हवी. तिचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी काय काय बोललं गेलं ते सर्वांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे बरं का. आपण विचारलेलं त्यात आलं नसेल तर तिथल्या तिथे उठून सांगता येतं, 'माझा प्रश्न राहिला.' बोलायची भीती वाटत असेल तर लेखी दिलेलंही चालतं. त्यासाठी सात-बारावर नाव असायची गरज नाही. मावशींचा तो प्रश्न अशा सुनावणीत विचारला गेला असता तर कागदावर आला असता.

पण इथे एक मेख आहे. आधी ३० किलोमीटरपेक्षा लांब रुंदीकरणापासून हा नियम सुरू व्हायचा. ऑगस्ट २०१३ मध्ये ती मर्यादा १०० किलोमीटर केली गेली आणि जास्तीच्या जागेची अटही वाढवली गेली. महामार्गाची कामं तर टप्प्याटप्प्यांनी निघतात. पनवेल ते इंदापूर हा टप्पा होता ८४ किलोमीटरचा. तेवढ्याच लांबीचं रुंदीकरण आज निघालं तर त्याला ही सुनावणी लागेलच असं नाही. कामं लवकर व्हावीत म्हणून सवलत दिली असं सांगतात. कामं किती लवकर झाली ते आपण बघतोच आहोत!

मग उरतं काय? १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. जमीन घ्यायचा इरादा राजपत्रात जाहीर झाला की तिथून २१ दिवसांत हरकत घेता येते. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं अधिकाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं, तुम्ही स्वतः जा नाहीतर वकील पाठवा. एकवीस दिवस म्हणजे किती, तर एक बाळंतीण माहेरी रुळायला लागते तेवढे. आणि ही हरकत कोण घेऊ शकतं? ज्याचा त्या जमिनीशी संबंध आहे तो. इथे आपलं खरं दुखणं सुरू होतं.

कोकणातला सात-बारा म्हणजे नावांची आगगाडी. आजोबा, त्यांचे पाच भाऊ, त्यांची मुलं, त्यातली निम्मी मुंबईत. त्या आगगाडीत बायकांचे डबे किती? नवरा गेल्यावर विधवा म्हणून लागलेली नावं असतात, लेकींची क्वचित. तसा हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात नसले तरीही. कागदावर सगळं आहे. पण एरवी वर्षानुवर्षं भाऊबीजेपलीकडे बहिणीची आठवण न येणाऱ्या घरांतून महामार्गाची मोजणी झाली की अचानक फोन येतात. 'ताई, एक दिवस येऊन जा गं, सही लागते.' कसली सही, तर हक्कसोडपत्राची! ताई येते, साडी-चोळी घेते, सही करते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनींनाही २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला मिळू लागला, रकमा मोठ्या झाल्या, तशा या सह्याही वाढल्या. मी कुणाच्या घरात भांडण लावत नाहीये. नातं राखायला कुणी मनापासून हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण काय सोडतोय ते वाचून सोडा. आणि सही केलीत की पैसा तर जातोच, त्या रस्त्याबद्दल हरकत घ्यायची जागाही जाते, हे लक्षात असू द्या.

परवा इंग्लंडमध्ये राहणारी एक मैत्रीण सुट्टीला आली होती. तिला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, 'आमच्याकडे गावच्या हॉलमध्ये चक्क प्रदर्शन लावतात.' स्टोनहेंजच्या प्राचीन दगडांजवळून जाणारा रस्ता रुंद करून बोगद्यातून न्यायची योजना होती. त्यासाठी २०१७ आणि २०१८ मध्ये आसपासच्या गावांत अशी प्रदर्शनं भरवली गेली. भिंतीवर मोठमोठे नकाशे, खाली साध्या भाषेत माहिती, बाजूला अधिकारी उभे. आपल्या घरावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथे काय होणार? आवडलं नाही तर तिथेच कागदावर लिहून द्यायचं. तिथे २००८ च्या कायद्यानेच परवानगी मागण्याआधी लोकांना विचारायची सक्ती केली होती. सगळं गोडच होतं असंही नाही. प्रदर्शन लावूनही लोक नाराजच राहिले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी २०२४ मध्ये पैसे नाहीत म्हणून सरकारने ती योजनाच रद्द केली. आता तर तिथल्या सरकारनेही, कामं लांबतात म्हणून, ही सक्ती काढून टाकायचं २०२५ मध्ये ठरवलं. म्हणजे घाई सगळीकडे सारखीच!

तरी ते भिंतीवरचे नकाशे माझ्या मनातून जाईनात. आपल्याकडे हळदीकुंकवाला मंडप घालतो, बचत गटाच्या पापडांचं प्रदर्शन भरवतो, मग रस्त्याच्या नकाशाचं का नाही? शाळेच्या भिंतीवर लावायला किती खर्च येतो? साखळी क्रमांकाच्या जोडीला 'मारुतीचं देऊळ', 'पिठाची गिरणी', 'शाळा नंबर एक' एवढं लिहिलं तरी पुरे. दुपारी दोन ते चार ठेवा, म्हणजे बायका येतील.

नकाशा मागायचा कसा, असं विचाराल. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. अर्जात 'अमुक गावाच्या हद्दीतील भुयारी मार्ग, सेवा रस्ता, मोऱ्या व बसथांबे यांची ठिकाणे दाखवणारा नकाशा' असं नेमकं लिहा, मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येतं. दुसरं म्हणजे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती वहीतच होते, सह्या घरी फिरवून. ती खरोखर भरवा. तिथे झालेला ठराव ग्रामसभेत मांडला की एकटी बाई बोलतेय असं राहत नाही. एकटीला हसतात, चाळीस जणींना हसायला जरा विचार करावा लागतो.

आमच्या शेजारच्या गावाने हे करून पाहिलंय. तिथून एका वळणरस्त्याची आखणी निघालीय, खुणेचे दगड पडलेत. यंदा महिला सभेत त्यांनी नकाशा मागितला. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) बिचारे भला माणूस, कुठून तरी प्रत मिळवून घेऊन आले. शाळेच्या ओट्यावर ती अंथरली. मलाही बोलावलं होतं. पहिला अर्धा तास तर कुणालाच काही उमगेना, नकाशा उलटा धरलाय की सुलटा यावरच वाद! मग एका पोरीने शाळा शोधून काढली. शाळा सापडल्यावर तळं सापडलं, तळ्यावरून वाडी सापडली, आणि मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. दाखवलेला भुयारी मार्ग वाडीपासून बराच लांब, स्मशानाकडच्या अंगाला निघाला. तिथून संध्याकाळी पोरी कशा येणार, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, तिथे पावसात कमरेएवढं पाणी असतं, मार्ग कसला, तळंच होईल. पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या, त्यातल्या दोन शाळेच्या वाटेवरच्या. ठराव लिहिला, सदतीस सह्या झाल्या, आठ अंगठे.

आमच्या भाजीवाल्या मावशीही आल्या होत्या, गाव त्यांचं नसताना. त्यांनी नकाशावर बोट ठेवून एकच विचारलं, 'बाव खंय आसा ती आधी दाखवा.' विहीर नकाशात नव्हती. ती पेन्सिलीने काढली.

ठराव पाठवून दोन महिने झाले. पोच मिळालीय, उत्तर अजून नाही. मागच्या सोमवारी स्मरणपत्र टाकलं.